वहीशेजारचे पायडल

दिवाळीची साफसफाई चालली होती. भावाने माळ्यावरून एक गंजलेले पायडल खाली टाकले. आई एकदम ओरडली, "अरे, ते भंगारात घालू नकोस! ते ह्यांच्या लुनाचे!"

आमच्या नगरला—आता अहिल्यानगर म्हणायचे—वडिलांचे कापडाचे लहानसे दुकान होते. नवरात्रात पुढे मी, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटा, असा सारा संसार लुनावरून केडगावच्या देवीला निघे. पेट्रोल संपले की आम्ही उतरायचे आणि वडिलांनी निमूटपणे पायडल मारायचे! दुकान मिटल्यावरही शेजाऱ्यांची औषधे नि नातवंडांची शाळा त्याच लुनावर चाले.

ही लुना आणणारे हस्तीमल फिरोदिया नगरच्याच घराण्यातले. वडील कुंदनमल मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. बंधू नवलमलही वाहनउद्योगातलेच. १९७२ साली कायनेटिकची लुना निघाली आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या मध्यमवर्गाला, पन्नास सीसीचे का होईना, स्वतःचे वाहन मिळाले. २०२४ मध्ये हस्तीमलजींच्या नातीने, सुलज्जा फिरोदिया मोटवानींनी, तीच लुना विजेवर चालवून पुन्हा रस्त्यावर आणली.

वाचकहो, मोठ्या उद्योजकाचे नाव असे पुढे चालते. लहान दुकानदाराचे काय? त्याची पाटी उतरते, आणि संपले!

असे मला वाटे. पण लक्ष्मीपूजनाला आईने ते पायडल पदराने पुसले आणि पाटावर, वडिलांच्या शेवटच्या वहीशेजारी मांडले. हळदकुंकू वाहिले. कोणीच काही बोलले नाही.

या दुकानदाराची खरी शिल्लक मात्र त्या वहीत नव्हती.