खाणीचे ढीग आणि पावसाचे पाणी

खाणीतून निघालेल्या खनिजाचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. परंतु ते खनिज हाती यावे म्हणून जी माती व जो दगड बाजूस टाकावा लागतो, त्याची पुढे काय गत होते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गोव्यातील लोहखनिजाच्या खुल्या खाणींत १ टन खनिजामागे सुमारे २ ते ३ टन टाकाऊ माती-दगड निघतो. तेथील जुने खाणपट्टे बहुधा १०० हेक्टरांच्या आतले असल्यामुळे हा माल पसरून टाकावयास जागा नसे. साहजिकच डोंगरउतारांवर त्याचे उंच व उभ्या उताराचे ढीग रचले गेले. डिचोली, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांत असे ढीग दूरवरूनही दृष्टीस पडतात.

आता या ढिगांवर पडणाऱ्या पावसाचा विचार करू. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजे ढिगाच्या प्रत्येक हेक्टरावर सुमारे ३ कोटी लिटर पाणी पडते. जंगलाने आच्छादलेल्या डोंगरावरही तेवढाच पाऊस पडतो. पण तेथे पानांचा थर थेंबांचा मारा झेलतो आणि मुळे माती धरून ठेवतात. उघड्या ढिगावर थेंब सरळ मातीवर आदळून कण सुटे करतात. वाहते पाणी ते कण उचलते, त्याचे ओघळ होतात आणि ओघळांच्या घळी होतात.

ही माती नाल्यांवाटे खालच्या भातशेतीत आणि पुढे मांडवी व जुवारी या नद्यांत जाते. नाल्यांची पात्रे उथळ होऊन थोड्या पावसानेही पाणी काठ सोडते. शेतात पसरलेला बारीक तांबडा गाळ वाळला की त्याचा कठीण पापुद्रा बनतो; मातीला हवा व पाणी मिळत नाही आणि रोपे खुरटतात. ज्या शेतकऱ्याने खाणीतून एक पैसाही मिळविला नाही, त्याच्या शेतात खाणीची माती येऊन पडते. प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा नसून न्यायाचाही आहे, तो यामुळेच.

यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे पायथ्याशी एक तळे खणून गढूळ पाणी त्यात निवळू देणे. हा उपाय आवश्यक आहे, पण केवळ त्यावर विसंबणे चूक आहे, असे आमचे मत आहे. याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये दाखवून दिले की, द्रवात हळूहळू खाली बसणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. या नियमाने गणित केले तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण १ मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या दहापट बारीक कणास तीन तास लागतात. आणि त्याहूनही दहापट बारीक चिकणमातीच्या कणास जवळजवळ तेरा दिवस! मुसळधार पावसात पाणी तळ्यात तेरा दिवस थांबत नाही. वाळू तळाशी राहते, पण पाण्यास तांबडेपणा देणारी माती बरीचशी नदीपर्यंत पोहोचते.

यास्तव क्रम उलट हवा. पहिले काम म्हणजे वरच्या डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी ढिगाला लागूच न देणे. त्यासाठी ढिगाभोवती चर खणून ते पाणी बाहेरच्या बाहेर काढून द्यावे. दुसरे काम ढिगावर पडलेल्या पाण्याचा वेग मोडण्याचे. ढीग टप्प्याटप्प्यांनी रचावा, प्रत्येक टप्प्यास आतल्या बाजूस किंचित उतार द्यावा आणि साठणारे पाणी दगडांनी बांधलेल्या पन्हळीतून खाली उतरवावे. तिसरे काम मातीला आच्छादन देण्याचे. गवत, वाळा आणि स्थानिक झुडपे लावावीत. ती रुजेपर्यंत काथ्याचे जाळे अंथरावे. पायथ्याची दगडी भिंत आणि निवळण-तळे यांचा क्रम त्यानंतर लागतो. ही सर्व कामे मृगाच्या सरींपूर्वी पुरी व्हावयास हवीत. तळ्यातील गाळही दरवर्षी उन्हाळ्यातच उपसला पाहिजे, नाहीतर भरलेले तळे असून नसल्यासारखेच होय.

कोणी म्हणेल की, इतका खर्च खाणधंद्यास झेपणार नाही. परंतु हा खर्च टाळल्याने नाहीसा होत नाही. तो शेतकऱ्यावर, मच्छीमारावर आणि नाले उपसणाऱ्या ग्रामपंचायतीवर जाऊन पडतो. ढीग रचतानाच टप्पे ठेवणे हे नंतर उभा ढीग फोडून टप्पे पाडण्यापेक्षा निश्चितच स्वस्त पडते.

खाण बंद झाली म्हणजे कर्तव्य संपले, हा समजही सोडून दिला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयानंतर त्या वर्षी मार्चमध्ये गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. यंत्रे थांबली, तरी त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाऊस नेहमीप्रमाणे त्याच ढिगांवर पडला. आपल्या देशात २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी देणे नियमाने आवश्यक झाले आहे. ढिगावर झाडोरा स्थिरावून खालचे पाणी अनेक पावसाळे निर्मळ राहिल्याचे दिसेपर्यंत ती हमी परत करू नये, असे आम्हांस वाटते.

हे पाहण्याचे काम केवळ अधिकाऱ्यांचे नाही. खाणभागातील शाळांनी पावसाळ्यात, पूर नसताना व शिक्षकांच्या देखरेखीखाली, एकाच नाल्याचे पाणी ढिगाच्या वरच्या आणि खालच्या अंगास बाटल्यांत भरून घ्यावे. दोन्ही बाटल्या वर्गात स्थिर ठेवून पाणी निवळण्यास किती दिवस लागतात, याची नोंद दरवर्षी करावी. अशी दहा वर्षांची नोंदवही गावाच्या वाचनालयात असेल, तर ढिगाची निगा नीट राखली जात आहे की नाही, हे ठरविण्यास गावाला दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.