मागावरच्या जाहिराती आणि गृहीत धरलेली संमती

वाचकाची आवडनिवड ओळखून नेमकी त्याच्या उपयोगाची जाहिरात त्याच्यापुढे ठेवणे ही सेवाच होय, तिच्याच बळावर शोधयंत्रे व नकाशे विनामूल्य मिळतात, आणि हे सारे त्याच्या संमतीनेच चालते, असा जो पक्ष जाहिरातव्यवसायाकडून नित्य मांडला जातो, त्याचा सारा भार संमतीवर असल्यामुळे प्रथम तिचीच तपासणी केली पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर असा दंडक घातला की, इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये व संकेतस्थळांवर ग्राहकाचा माग काढावयाचा असल्यास आधी त्याची परवानगी विचारावी. ॲपल स्वतःही जाहिराती विकते, तेव्हा तिचा हेतू निःस्वार्थ होता असे मानण्याचे कारण नाही. परंतु या दंडकाने जाहिरातींना मनाई केली नव्हती, केवळ एक प्रश्न विचारावयास लावले होते, आणि तेवढ्याने २०२२ या एका वर्षात आपले सुमारे १,००० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने स्वतःच जाहीर केला. संमती खरोखर दिलेली असती, तर ती विचारल्याने एवढे नुकसान का व्हावे?

माहितीत नाव नसते, हा बचावही टिकत नाही. पान उघडता उघडता जाहिरातीच्या जागेचा लिलाव निमिषार्धात होतो. त्यासाठी फोनचा ओळखक्रमांक, ठिकाण, वाचीत असलेला मजकूर असा तपशील अनेक बोलीदारांकडे जातो, आणि बोली हरणाऱ्यांच्या दप्तरीही तो पोहोचतोच. रात्रीचा मुक्काम आणि दिवसाचे कामाचे ठिकाण ज्याला नित्य कळते, त्याला नाव शोधणे कितीसे अवघड?

छोट्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक हवे, हे मात्र रास्त आहे. ते वाचकाची पाळत न ठेवताही मिळते: शेतीच्या लेखाशेजारी बियाण्यांची जाहिरात द्यावयास लेख कोणता हे कळले की पुरते. आपले दिवाळी अंक वाचकाची कोणतीही नोंद न ठेवता पिढ्यान्‌पिढ्या जाहिरातींवर उभे राहिले आहेत.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने दिला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती देण्यास, काही अपवाद ठेवून, मनाई केली. हक्क जर सर्व नागरिकांचा आहे, तर हे संरक्षण अठराव्या वाढदिवशी संपावे याला तात्त्विक आधार कोणता? प्रौढांच्या बाबतीतही माग काढण्यापूर्वी निराळा व स्पष्ट होकार घेणे, आणि नकार देणाऱ्याची सेवा न तोडणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने बंधनकारक कराव्यात, अशी आमची मागणी आहे.