'लीन' कोणी व्हायचे?

मराठीत 'लीन' म्हणजे नम्र. व्यवस्थापनशास्त्रात 'लीन' म्हणजे सडपातळ. आमच्या उद्योगांनी दोन्ही अर्थ कामगारावरच लादले आहेत. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी उत्पादनातले सात अपव्यय सांगितले. ताटकळणे, निष्कारण वाहतूक, अनावश्यक साठा हे त्यांतले. त्या यादीत माणूस नाही. उलट, दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार टोयोटाने कामगाराला दिला. आमच्याकडे दोरी वगळून कात्री तेवढी आली.

नवी मुंबईत, वाशीच्या घाऊक बाजारात, १९६९च्या कायद्याने संरक्षण दिलेल्या माथाडीला 'जादा खर्च' ठरवणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो : मालमोटारी ताटकळतात, तो अपव्यय कोणाचा? डोक्यावरचे ओझे उतरवणारी सुधारणा आम्हांला हवी. ओझ्याखालचे डोके उडवणारी नव्हे.