भाजी पिकवली तर दोष, मग विकत घेतली तर?



जैन घरात भाजीपाला लावावा का, हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकते. आमचं घर उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या जुन्या बराकीच्या जागेवर आहे, त्यामुळे दारासमोर थोडी मोकळी जागा मिळाली. तिथे निळे ड्रम आडवे कापून केलेल्या पाच कुंड्या आहेत. तोंडली, दोडका, चवळी, मिरची, टोमॅटो आणि कडेला कढीपत्ता. येणारी प्रत्येक जण आधी कौतुक करते आणि मग आवाज खाली आणून म्हणते, "पण वहिनी, मातीत किती जीव असतात! त्यापेक्षा बाजारातून आणलेली बरी. दोष तरी लागत नाही."

या शेवटच्या वाक्याशीच माझं भांडण आहे.

आपल्या धर्मात दोषाचा हिशोब फक्त हाताने केलेल्या कामाचा नसतो. कृत, कारित आणि अनुमोदना, म्हणजे स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून मान्यता दिलेलं, हे तिन्ही आपण लहानपणापासून पाठ केलं आहे. मी कॉमर्सची पदवीधर. खर्च दुसऱ्याच्या वहीत लिहिला म्हणून तो झालाच नाही असं होत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मंडईत आपण पांढराशुभ्र फ्लॉवर उलटसुलट करून बघतो आणि एकही अळी नाही म्हणून खूश होतो. ती अळी गेली कुठे? कुणीतरी पाठीवर पंप बांधून ती मारली, आणि आपण तसाच फ्लॉवर मागतो म्हणून मारली. पैसे आपण दिले. मग ही नोंद कुणाच्या खात्यावर पडणार?

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. आमच्याकडचे जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत, हे मुंबईकडच्या व्यापारी जैनांना आजही नवल वाटतं. पण भगवान आदिनाथांनी माणसाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली असं आपणच सांगतो. त्यात वाणिज्य आहे तशी कृषीही आहे. गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्याच हेतूने केलेली ती संकल्पी, ती श्रावकाने सोडायची. चूल, पाणी, झाडलोट यात होणारी ती आरंभी. पोटापाण्याच्या कामात होणारी ती उद्योगी. या दोन्ही गृहस्थाला पूर्ण टळत नाहीत, म्हणून त्या यत्नाने कमी करायच्या. ड्रममध्ये भाजी लावणं ही निर्दोष गोष्ट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ती आरंभी हिंसा आहेच. पण ती माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून ती कमी करणं माझ्या हातात आहे. बाजारातल्या भाजीत मला ती दिसत नाही, म्हणून कमीही करता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. लोकलने मुंबईकडे जाताना रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, भेंडीचे हिरवेगार वाफे दिसायचे. त्यातल्या कित्येकांना शेजारच्या नाल्याचं पाणी जायचं, हे रोज प्रवास करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. आपली वालधुनी कधीकाळी नदी होती. आज तिच्या पुलावरून जाताना नाकाला पदर लावावा लागतो. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि भाजी कुठल्या पाण्यावर वाढली हे मात्र विचारत नाही.

आता एक गोष्ट कदाचित आवडणार नाही. "आम्ही सेंद्रियच घेतो" असं म्हटलं की प्रश्न सुटला असं पुष्कळ जणींना वाटतं. सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे. कडुनिंबाचं तेल, दशपर्णी अर्क, मिरची-लसणाचा काढा हे सगळं किडीसाठीच असतं. निंबोळीच्या अर्काने किडीचं खाणं सुटतं, तिची वाढ खुंटते आणि ती मरते. माणसाच्या शरीराला ते रसायनापेक्षा बरं, पण अळीला काय फरक पडला? किडीला मारण्यासाठीच बाटली हातात घेतली, तर त्याला आरंभी म्हणून समाधान करून घ्यायचं का, हे महाराजांना जरूर विचारा. माझं मन तरी हो म्हणत नाही.

मग मी काय करते? रीत माझी नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि पालापाचोळा व घरातला ओला कचरा यांच्यापासून माती करून थोड्या जागेत कुटुंबापुरतं कसं पिकवायचं ते शेतकऱ्यांना आणि शहरातल्या लोकांनाही दाखवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याला गच्चीवर उसाची चिपाडं वापरून भाज्या पिकवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग फुलवली. तिथेही ड्रम आणि तीच पाल्याची माती.

माझे ड्रमही तसेच भरले आहेत. तळाला भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग रसवंतीवरची वाळलेली चिपाडं, सुका पाला, आणि वरच्या थरात थोडी माती व जुनं खत. एकदा भरला की मी ड्रम उकरत नाही. वरून पाला घालत राहते, तो आपोआप खाली बसतो. गांडुळं विकत आणून सोडत नाही. आली तर त्यांची त्यांनी राहावं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मुळाशी जातं. ड्रमखाली ताटली ठेवत नाही, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात आणि मग ते मारायची वेळ येते. जीव मारण्यापेक्षा तो तिथे उत्पन्नच होणार नाही हे पाहावं, हे आपल्या सासवा पापड-लोणच्याच्या बाबतीत सांगायच्या. तेच इथे लागू.

किडीसाठी जुनी मच्छरदाणी कापून पिकावर टाकते. फक्त दोडक्याला फुलं आली की काढते, नाहीतर मधमाशी आत येणार कशी? चवळीवर मावा आला तर तेवढा शेंडा खुडून लांब झुडपात ठेवते. तरीही नुकसान होतं. माझ्या वहीत "कीटकांचा वाटा" असा एक रकाना आहे. काही महिन्यांत तो आमच्या वाट्यापेक्षा मोठा असतो. तो दिला की बाटलीची गरज राहत नाही.

काय लावायचं हेही आपल्या नियमांनीच सोपं केलं आहे. कंदमूळ आपण खात नाही, त्यामुळे झाड उपटून काढायची भाजी आपोआप गळते. तुमच्याही मंदिरात षट्‌लेश्येचं चित्र असेल: एकाच फळझाडाखाली सहा माणसं, एक मुळावर कुऱ्हाड घालायला निघालेला आणि सहावा खाली पडलेलं फळ उचलणारा. तोंडली, दोडका, मिरची, शेवगा, लिंबू या सगळ्यांत झाड जिवंत ठेवून फळ घेता येतं. तोंडलीचा एक वेल मोठ्या ड्रममध्ये वर्षानुवर्षं टिकतो. पालेभाजी मी फक्त हिवाळ्यात लावते, चातुर्मासात नाही. पावसात पानांवर किती जीव असतात ते स्वतः लावल्यावर समजतं आणि तो नियम का केला असेल हेही समजतं. हिवाळ्यात थोडा चुका शेजारच्या सिंधी भाभींसाठी लावते. त्यांच्या साई भाजीला तो लागतो.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. पहिली ड्रमची. अंबरनाथ-बदलापूरच्या केमिकल कारखान्यांतले निळे ड्रम भंगारात स्वस्त मिळतात. आत काय होतं ते विक्रेत्याला सांगता येत नसेल, लेबल खरवडलेलं असेल किंवा धुऊनही वास जात नसेल, तर फुकट दिला तरी घेऊ नका. खाद्यतेल, लोणचं, फळांचा गर असं खाण्याचं सामान भरलेलाच ड्रम घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी.

दुसरी गोष्ट गच्चीची. मे २०२१ मध्ये आपल्या उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. हे विसरून गच्चीवर ड्रम चढवू नका. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. म्हणजे शंभर लिटरचा अर्धा ड्रम दीडशे किलोंहून जड. साधारण वापराच्या गच्चीचा हिशोब एका अख्ख्या चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास धरतात आणि उभा अर्धा ड्रम त्याच्या पाव जागेवर बसतो. असे दहा ड्रम एका ओळीत ठेवले तर खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर आपण काय ठेवलं याचा विचार करा. पाल्याने भरलेला ड्रम पुष्कळ हलका असतो, तरीही इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याशिवाय नकोच. जागा तुळईवर किंवा खांबाजवळ धरा आणि गळती पाहा. किड्याला जपायचं आणि खालच्या मजल्यावरच्या लेकरांना विसरायचं, याला अहिंसा म्हणत नाहीत.

पैशाचं विचाराल तर यात बचत नाही. आम्ही दोघंच, तरी हंगामात आठवड्याला दोन-तीन वेळची भाजी निघते, बाकी मंडईच. बचतीसाठी कुणी ड्रम घेणार असेल तर घेऊ नये. पण भेंडीच्या चार शेंगांना किती दिवस लागतात हे पाहिल्यापासून आमच्या घरात भाजी टाकून द्यायची वेळ येत नाही. मंडईतही मी आता भोक पडलेलं वांगं पाहून भाजीवालीशी हुज्जत घालत नाही. बहुबीज म्हणून वांगं आम्ही खात नाही, ते शेजारणीसाठी घेते, पण ते किडकंही चालेल असं तिनेच आता सांगून ठेवलं आहे. किडका भाग कापून टाकता येतो. डाग नसलेलीच भाजी हवी, हा हट्ट आपण गिऱ्हाइकांनी जितका सोडू तितके शेतातले पंप थोडे कमी चालतील, असं मला वाटतं.

ज्यांना जागा नाही, वेळ नाही किंवा मन होत नाही, त्यांनी लावू नये. त्यात काही कमीपणा नाही. फक्त "विकत घेतली म्हणजे दोष नाही" एवढं म्हणणं सोडावं. आणि ज्यांच्या दारात जमिनीवर हातभर ऊन येतं, त्यांनी येत्या दिवाळीनंतर एकच ड्रम भरून पाहावा. मिरचीने सुरुवात करा, ती फार लाड मागत नाही.

जय जिनेंद्र.