मधले पान

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. त्यांच्या देशात हाराकेके नावाची वनस्पती उगवते. तिच्या लांब, चिवट पानांपासून ते टोपल्या व चटया विणतात. पाने कापण्याचा त्यांचा एक नियम आहे. मधले कोवळे पान म्हणजे मूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाने म्हणजे आईबाप. ही तीन पाने कापायची नाहीत; बाहेरची जुनी पानेच घ्यायची. मधले पान गेले, की वाढ खुंटते.

मला वाटते, हा नियम कलेलाही लागू आहे. कलेचे मधले पान म्हणजे तिची भाषा आणि तिचा अर्थ.

माओरींचे हे पान एकदा कापले गेले होते. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या शाळांत इंग्रजीचा आग्रह धरला. पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल कित्येक मुलांना मार खावा लागला. भाषा मागे पडली, तसे गाण्यांचे अर्थही पुसट होऊ लागले.

त्यांचा 'हाका' हा नाच पाय आपटत, घोष करत सादर होतो. 'का माते' हा प्रसिद्ध हाका ते राउपराहा या सरदाराने सुमारे १८२० मध्ये रचला. शत्रूच्या हातून वाचल्याचा आनंद त्यात आहे. पुष्कळ लोक मात्र त्याला नुसती युद्धाची आरोळी समजतात. ऑकलंड येथे काही विद्यार्थी दरवर्षी हाकाची टवाळी करीत. विनंत्या करूनही ते थांबले नाहीत. अखेर १९७९ मध्ये मारामारी झाली, तेव्हा ती टवाळी बंद पडली.

कोणी म्हणेल, "नाच करमणुकीसाठीच असतो, नक्कल केली तर काय बिघडले?" मारामारी वाईटच. परंतु ज्या गोष्टीसाठी वडीलधाऱ्यांनी मार खाल्ला, तिची थट्टा कोणाला सहन होईल?

दुसऱ्याची कला शिकूच नये, असे माझे म्हणणे नाही. जरूर शिकावी, पण अर्थ विचारून आणि कर्त्याचे नाव घेऊन. २०१४ पासून 'का माते' चित्रपटात वापरताना रचनाकाराचे नाव देणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे.

माओरींनी १९८२ मध्ये लहान मुलांसाठी 'भाषेची घरटी' म्हणजे बालशाळा सुरू केल्या. १९८७ मध्ये त्यांची भाषा राजभाषा झाली. आज मोठ्या महोत्सवांत तरुण आपल्याच भाषेत गातात, नाचतात.

टोपली जुनी होते, तुटते. मधले पान राखले असेल, तर नवी विणता येते.