मामीचा रविवार

आजोळी मे महिन्यात घर भरायचं. आई, दोन मावश्या, आम्ही नऊ भावंडं, शिवाय मुंबईहून आलेलं कुणी ना कुणी. दक्षिण रत्नागिरीतलं गाव, कौलारू घर, मागे विहीर. एका रविवारी सगळ्यांनी मिळून तालुक्याच्या गावी सिनेमाला जायचं ठरलं. असे बेत दरवर्षी व्हायचे आणि दरवर्षी मामी म्हणायची, "वन्सं, तुम्ही जा. गुरांचं कोण बघणार?" त्या वर्षी मात्र आई हटून बसली. गुरं शेजारणीवर सोपवली, दूध तापवून झाकून ठेवलं, रात्रीच्या पेजेचे तांदूळ निवडून ठेवले आणि मामी आमच्याबरोबर एसटीत चढली.

थिएटर पत्र्याचं होतं, पण खुर्च्या होत्या आणि वर पंखे होते. दिवे गेले, पडद्यावर नावं सुरू झाली आणि ती संपायच्या आत मामी झोपली. आईच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून, गाढ. मध्यंतरात आम्ही तिला हलवायला गेलो तेव्हा आईने आमचे हात बाजूला केले. सिनेमा संपला तेव्हाच ती उठली. परतीच्या एसटीत आम्ही पोरं तिला चिडवत होतो, तिकिटाचे पैसे वाया घालवलेस म्हणून. ती म्हणाली, "अंधार होता, वर पंखा होता, आणि तीन तास मला कुणी हाक मारली नाही."

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवायला बसलो तेव्हा फुरसत हा शब्द सगळ्यांना एकदम पसंत पडला. सिनेमा, सहली, पत्ते, कॅरम, दुपारची झोप, गच्चीवरच्या गप्पा. लेख मागवले, ते आले, छान आले. पण ते एकामागून एक वाचताना मला मामीचं वाक्य आठवत राहिलं. फुरसतीच्या जवळजवळ प्रत्येक आठवणीच्या कडेला कुणीतरी उभं होतं: चहा आणणारं, डबा भरणारं, ताटं उचलणारं. लेखकाला ते दिसत होतं, पण लेखाचा विषय ते नव्हतं. म्हणून या पानांवर त्याच माणसाबद्दल लिहावंसं वाटलं.

मामीचा मे महिना मी पुढे मोठेपणी नीट आठवून पाहिला. आम्ही उठायच्या आत तिने पाणी शेंदून हंडे भरलेले असायचे आणि चुलीवर मऊ भात रटरटत असायचा. न्याहारी करून आम्ही कलमांकडे पळालो की ती रस आटवायला बसायची, साठं घालायची. फणस फोडायचा, गरे काढायचे, आठळ्या धुवून वाळत टाकायच्या. दुपारची पंगत दोनदा बसायची, आधी मुलं आणि पुरुष, मग बायका. बायकांतही मामी सगळ्यांत शेवटी. आम्ही ज्याला मामाचं गाव म्हणत होतो, ते तिच्यासाठी बाराही महिने सासर होतं, आणि मे महिन्यात तर वीस माणसांचं.

त्याच घरात आमच्या आईचं माहेरपण चालू असायचं. शहरात अकरा महिने घड्याळाच्या काट्यावर धावणारी आई तिथे पडवीत पाय पसरून बसायची, बहिणींशी रात्री उशिरापर्यंत कुजबुजायची, कधी कधी दुपारभर झोपायची. माहेर ही मराठी बाईची हक्काची विश्रांतीची जागा. जात्यावरच्या ओव्यांत माहेराची जेवढी ओढ आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची असेल. आईची ती विश्रांती खरी होती आणि तिला ती मिळायलाच हवी होती. पण ती मामीच्या हातांवर उभी होती. मामीचं स्वतःचं माहेर दोन डोंगर पलीकडे. मे महिन्यात ती तिथे जाणं शक्यच नव्हतं. लावणी आटोपल्यावर, श्रावणात, दोन दिवस जायची, आणि तेही घरात दुसरी बाई असली तर.

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दिली हे आता फारसं कुणाला ठाऊक नसतं. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, तो देवासाठी आणि समाजाच्या कामासाठी मोकळा हवा, असाही त्यांचा युक्तिवाद सांगितला जातो. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. सहा वर्षं लागली या एका वाराला.

त्या दोन बायांचा विचार माझ्या मनातून जात नाही. हजारो माणसांपुढे उभं राहून त्यांनी सुट्टी मागितली, ती मिळवली. सुट्टीच्या पहिल्या रविवारी गिरणीचा भोंगा झाला नसेल. पण खोलीतली चूल? पाणी नळावरून आणायचं होतंच, भाकऱ्या थापायच्या होत्याच, आणि नवरा दिवसभर घरी म्हटल्यावर एक चहा जास्तच. लोखंड्यांनी गिरणीच्या दारापर्यंत आणलेला रविवार घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचं काम आपलं होतं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, ते आपल्या हातून झालेलं नाही.

सिनेमाचंच पाहा. मराठी घरातली सगळ्यांत लाडकी करमणूक. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. दादासाहेब फाळक्यांचं नाव शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. सरस्वतीबाईंचं किती जणांना असतं? दादरच्या ज्या घरात तो चित्रपट तयार झाला, तिथे राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत होत्या. दिवसभराचं उरकलं की रात्री काळोखात कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत होत्या, ती धुण्याचं काम शिकून घेत होत्या. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही, तेव्हा फाळक्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभं केलं. आपल्या करमणुकीचा पाया असा रांधण्याच्या कामावर घातलेला आहे. हे मी कुणाचं श्रेय कमी करण्यासाठी सांगत नाही. त्या घरातला स्वयंपाक हा चित्रपटाचाच भाग होता आणि तो तसा मोजला जायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता हिशेबाचीच गोष्ट निघाली आहे तर, सरकारनेच आपल्या वेळेचा हिशेब मांडला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली: माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. अशीच पाहणी २०१९ मध्ये झाली तेव्हा हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषाचीही नऊ कमी झाली. म्हणजे तिच्या हातातलं काम त्याने आपल्या हातात घेतलं, असं काही झालेलं नाही. गॅस आला असेल, मिक्सर आला असेल, नळ घरात आला असेल. माणूस पुढे आलेला नाही. ही गोष्ट मला अस्वस्थ करते, आणि ती सणासुदीच्या अंकात लिहू नये असं मला वाटत नाही. सणासुदीलाच तर ती सगळ्यांत जास्त जाणवते.

सुट्टीत बाहेरगावी जायची पद्धत आली, तेव्हा यातून सुटकेची एक वाट दिसली. बाहेर गेलं की स्वयंपाक नाही. पूर्वी थंड हवेच्या ठिकाणांचं वेड जास्त होतं. महाराष्ट्र आणि गोवा अख्खे कर्कवृत्ताच्या खाली, उष्ण कटिबंधात. मे महिन्यात समुद्राकाठी कोण जाणार? ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढले, १९०७ पासून तिथे छोटी गाडी जाऊ लागली, आणि इंग्रजांमागोमाग आपणही डोंगर चढलो. समुद्र हा पोटापाण्याचा, मासळीचा, मचव्यांचा होता. तो नुसता बघत बसायचा असतो, हे आपण नंतर शिकलो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, तारकर्ली ही नावं पुण्या-नागपुरातल्या घरांत सहलीचे बेत म्हणून घेतली जाऊ लागली. घराघरांवर 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशा पाट्या लागल्या.

गेल्या मे महिन्यात मी अशाच एका घरी उतरलो होतो. आठ खोल्या, अंगणात झोपाळा, वाडीतून सरळ किनाऱ्यावर जायची वाट. पहिल्या दिवशी उकडीचे मोदक, दुसऱ्या दिवशी सुरमई आणि सोलकढी. आमच्यातल्या बायका खरोखर निवांत होत्या. एकीने तर तीन दिवस दुपारी पुस्तक वाचलं. आणि मागच्या पडवीत, नारळ खोवणीवर, मला माझी मामी बसलेली दिसली. तेच वय, तशीच कमरेला खोचलेली साडी. विचारलं तर म्हणाली, मार्चपासून जूनपर्यंत एक दिवस उसंत नाही.

एक फरक मात्र होता, आणि तो मोठा होता. या बाईंना त्यांच्या मोदकांचे पैसे मिळत होते. निघताना पैसे भरायला फोन पुढे केला तेव्हा खात्याचं नाव त्यांचं स्वतःचं आलं. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण आपण या पैशांतून करतो, असं त्या ताठ मानेने म्हणाल्या. मला ते ऐकून फार बरं वाटलं. कोकणातल्या अशा प्रत्येक घरी खात्यावरचं नाव बाईचंच असावं, असं मला मनापासून वाटतं. पाहुण्यांनी आणखी एक करावं. रात्री साडेदहाला गरम भाकरी मागू नये.

सुट्टीचं प्रत्येक ठिकाण कुणाच्या तरी कामाचं ठिकाण असतं. मॉरिशसला आता आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं जातात, निळं पाणी आणि पांढरी वाळू बघायला. एकोणिसाव्या शतकात त्याच बेटावर आपल्या कोकणातली माणसं करारावरचे मजूर म्हणून नेली गेली, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईला जिथे मजूर उतरवले जात तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. तिकडे जाणाऱ्या वाचकांनी किनाऱ्यावरचा एक तास त्या घाटासाठी ठेवावा.

थोडं आमच्याविषयी. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये आपल्या मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. त्या मासिकाचं नाव होतं 'मनोरंजन'. फुरसतीत वाचायला म्हणूनच ही परंपरा जन्माला आली. पण दिवाळी अंक घरात येतो नेमका कधी? चकल्या तळायच्या असतात, अनारशांचं पीठ घातलेलं असतं, घासपूस चालू असते, पाहुणे येऊ घातलेले असतात. घरातल्या कर्त्या बाईच्या हाती अंक लागतो तो भाऊबिजेनंतर, तोवर मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला आणि शब्दकोडं कुणीतरी सोडवून टाकलेलं असतं. वाचनालयांत दिवाळी अंकांच्या योजनेचे अंक महिनोन् महिने फिरतात, म्हणून निदान तिथून तरी ते तिच्यापर्यंत पोचतात. या अंकातल्या दोन लेखिकांनी लेख पाठवताना उशिराबद्दल दिलगिरी कळवली आहे. दोघींनीही लिहिलं आहे की लेख रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर पुरा केला. दिलगिरी त्यांनी व्यक्त करावी असं काही नव्हतं. ती आम्ही इथे त्यांच्याकडे व्यक्त करतो. पुढच्या वर्षी लेखांची मुदत गणपतीच्या आधीची नसेल.

मामीला जाऊन आता बारा वर्षं झाली. तिने पुरा पाहिलेला असा एकही सिनेमा मला आठवत नाही.

एक विनंती आहे. हा अंक घरात येईल तेव्हा पहिले दोन दिवस तो घरात राबणाऱ्या माणसाच्या हाती द्या. फराळाचा सोऱ्या, झारा, पुसणं, जे काही त्या हातात असेल ते आपण घ्या. आणि दार ओढून घेतल्यावर तिला हाक मारू नका.