प्रातोलिनो : वाडा गेला, बाग उरली

इटलीतील एखादा ऐतिहासिक ग्रामीण व्हिला विक्रीस निघाला की इतिहासप्रेमींमध्ये हळहळ सुरू होते : वारसा आता पैसेवाल्यांच्या घशात जाणार! फ्लोरेन्सच्या उत्तरेकडील प्रातोलिनोचा इतिहास मात्र या हळहळीला फारशी साथ देत नाही.

फ्रांचेस्को दे मेदिची याने १५६८ मध्ये ही जमीन घेतली आणि बेर्नार्दो बुओन्तालेन्ती या वास्तुविशारदाकडून तेथे व्हिला व बाग उभारून घेतली. खरे नवल बागेतच होते. पाण्याच्या बळावर हलणाऱ्या मूर्ती, कृत्रिम गुहा, बेसावध पाहुण्याला चिंब करणाऱ्या छुप्या तोट्या. फ्रेंच लेखक मोंतेन १५८० मध्ये हे सारे पाहून गेला. कोरडा परतला असेल, याची खात्री देता येत नाही. आपेनाइन पर्वताला मनुष्यरूप देणारा जांबोलोन्याचा महाकाय पुतळा आजही तेथे तळ्याकाठी बसलेला आहे. त्याच्या पोटात चक्क खोल्या आहेत.

मग व्हिला पाडला कोणी? कोणा नवश्रीमंताने नव्हे. १७३७ मध्ये मेदिची वंश खुंटला, टस्कनी लोरेन घराण्याकडे गेली आणि प्रातोलिनोची आबाळ झाली. पाणी मुरून इमारत खिळखिळी झाली. अखेर १८२० च्या दशकात राजघराण्याच्याच अमदानीत ती जमीनदोस्त झाली. जुन्या आखीव बागेचेही इंग्रजी धाटणीच्या उद्यानात रूपांतर करण्यात आले.

१८७२ मध्ये खरेदीदार आला तो खाणी आणि लोखंडावर गबर झालेल्या रशियन देमिदोव्ह घराण्यातला. त्याने मेदिचींच्या सेवकांची उरलेली इमारत वाढवून तीच निवासस्थान केली. पुढे १९६९ मध्ये तिच्यातील संग्रह लिलावात विखुरला, परंतु जमीन १९८१ मध्ये फ्लोरेन्स प्रांताने विकत घेतली. २०१३ मध्ये युनेस्कोने मेदिचींचे १२ व्हिला आणि २ बागा वारसायादीत घेतल्या. त्या दोन बागांपैकी एक प्रातोलिनो.

तेव्हा विक्री हा शत्रू नव्हे. तुकडे पडणे आणि देखभाल सुटणे, हे शत्रू. इटलीच्या २००४ च्या वारसा संहितेनुसार संरक्षित वास्तू विकली जात असताना ठरलेल्या किमतीत ती आधी घेण्याचा हक्क शासनाला आहे, मुदत ६० दिवस. तिजोरीत पैसा नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. निदान विक्रीच्या अटींत तरी खोल्यांच्या संख्येआधी हे यावे : पाणी कोठून येते, जुने पाट कोणाच्या हद्दीतून जातात आणि माळी किती ठेवणार?